हातातले सोनोग्राफी यंत्र कोकणातच पारखायला हवे

मोबाइलला किंवा टॅबला जोडून चालणारे, एका हातात मावणारे सोनोग्राफी यंत्र आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. त्याची किंमत जुन्या ट्रॉलीवरच्या यंत्राच्या मानाने बरीच उतरली आहे, त्यामुळे असे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात असावे ही मागणी कोकणातही वारंवार कानावर येते. अशा वेळी चर्चा बहुतेक किमतीभोवती, चित्राच्या स्पष्टतेभोवती आणि बॅटरीभोवती फिरते. मी सिंधुदुर्गात अनेक वर्षे व्यवसाय करणारा डॉक्टर आहे आणि मला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. उदर महाधमनीचा फुगवटा, ज्याला आम्ही ॲन्युरिझम म्हणतो, तो शोधण्यासाठी हे यंत्र वापरायचे असेल, तर त्याची पारख विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून किंवा परदेशी अभ्यासांवरून न करता इथेच, इथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हातात देऊन, इथल्या वयस्क माणसांवर झाली पाहिजे. आणि ती पारख करताना फुगवटा सापडला की नाही एवढ्यावर न थांबता, सापडल्यानंतर त्या माणसाचे काय झाले हेही मोजले पाहिजे.

आधी या आजाराबद्दल थोडे सांगतो. हृदयातून निघणारी महाधमनी छातीतून खाली उतरते, पोटात मणक्याच्या पुढ्यातून जाते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. पोटातल्या भागात तिचा व्यास साधारण २ सेंटीमीटर असतो. तो ३ सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक झाला की त्याला ॲन्युरिझम म्हणतात. वय, पुरुष असणे, रक्ताच्या नात्यात कोणाला हा आजार असणे आणि या सगळ्यांवर मात करणारे धूम्रपान, ही त्याची मुख्य कारणे होत. फुगवटा वर्षानुवर्षे काहीही त्रास न देता वाढतो. तो फुटला तर रुग्णालयापर्यंत न पोहोचलेले धरून दहांतले सुमारे आठ रुग्ण दगावतात, आणि तोच फुटण्यापूर्वी कळला तर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा काही थोडेच असते. या दोन आकड्यांमधल्या अंतरामुळेच जगभर या आजाराच्या तपासणीचा एवढा विचार झाला.

या अंतराचा अर्थ मला पुस्तकातून कळला नाही. फार वर्षांपूर्वी, मी नवखा असताना, सत्तरीच्या आतबाहेरचे एक गृहस्थ पहाटे कंबरेत आणि डाव्या कुशीत कळ येते म्हणून आले. आयुष्यभर बिडी ओढलेला, होडीवर राबलेला माणूस. कोकणात कुशीतली कळ म्हटली की मुतखडा हे समीकरण डॉक्टरांच्याच काय, घरच्यांच्याही डोक्यात पक्के बसलेले आहे. मीही तेच धरून चाललो. वेदनाशामक इंजेक्शन दिले, सलाइन लावले, दुपारी त्यांना बरे वाटले आणि संध्याकाळी ते गेले. साठीनंतर पहिल्यांदाच आलेली मुतखड्यासारखी कळ ही फुटू लागलेल्या ॲन्युरिझमची असू शकते, हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या खोलीत मात्र ते मला आठवले नाही, आणि आठवले असते तरी पोटात पाहण्याचे साधन त्या ठिकाणी नव्हते. आपल्याकडे असे किती मृत्यू ‘अचानक हार्ट अटॅक’ म्हणून नोंदले जात असतील याची मोजदाद होत नाही, कारण शवविच्छेदन झाल्याशिवाय हा फरक कळत नाही आणि घरात गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचे शवविच्छेदन कोणी करवून घेत नाही.

म्हणूनच या यंत्राकडे मी आशेने पाहतो. ही तपासणी शिकायला सोनोग्राफीतल्या इतर तपासण्यांपेक्षा खरोखरच सोपी आहे. माणसाला उताणे झोपवायचे, बेंबीच्या वरच्या बाजूला जेल लावून प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, आडवा धरायचा, आणि आतड्यातला वायू बाजूला सारण्यासाठी हळूहळू दाब वाढवत न्यायचा. पडद्यावर प्रथम मणक्याची पांढरी कमान आणि तिच्यामागची काळी सावली दिसते. त्या कमानीच्या पुढ्यात, पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला म्हणजे रुग्णाच्या डाव्या बाजूला, ठोक्यागणिक हलणारे एक काळे वर्तुळ दिसते, ती महाधमनी. तिच्या शेजारची, रुग्णाच्या उजव्या अंगाची महाशीर दाबाने चपटी होते, महाधमनी होत नाही. एवढे ओळखता आले की वरपासून दुभंगापर्यंत प्रोब सरकवत नेऊन सर्वांत रुंद जागी व्यास मोजायचा असतो.

खरी अडचण या शेवटच्या वाक्यातल्या ‘मोजायचा’ या शब्दात आहे. प्रोब किंचित तिरका धरला तर गोल छेद लांबोळका होतो आणि व्यास असल्यापेक्षा मोठा येतो. वयपरत्वे वाकडी झालेली धमनी असेल तर ही चूक आणखी वाढते. याच्या उलटची चूक अधिक घातक आहे. मोठ्या फुगवट्याच्या आतल्या भिंतीला बहुधा गोठलेल्या रक्ताचा जाड थर चिकटलेला असतो. तो पडद्यावर करडा दिसतो आणि नवशिका माणूस मधला काळा, वाहत्या रक्ताचा भाग तेवढा मोजतो. अशा वेळी ६ सेंटीमीटरचा ॲन्युरिझम कागदावर ३ सेंटीमीटरचा होतो, आणि ज्याला त्याच आठवड्यात पुढे पाठवायला हवे तो माणूस पुढच्या वर्षी या असे ऐकून घरी जातो. मोजमाप भिंतीच्या आतल्या कडेपासून घ्यायचे की बाहेरच्या, यावरही काही मिलिमीटरचा फरक पडतो. इंग्लंडच्या तपासणी कार्यक्रमाने आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत हा नियम ठरवून घेतला आहे. आपल्याकडे असा नियम न ठरवता दहा जणांच्या हाती दहा यंत्रे दिली, तर दहा वेगवेगळी मापे येतील आणि दोष यंत्राला लागेल.

इंग्लंडचे उदाहरण या विषयात टाळता येत नाही. तिथे ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ६७,८०० पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, आणि ज्यांना तपासणीसाठी बोलावले गेले त्यांच्यात चार वर्षांत ॲन्युरिझममुळे होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी आढळले. २००९ पासून टप्प्याटप्प्याने तिथे ६५ वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला एकदा सोनोग्राफीसाठी बोलावणे सुरू झाले. हे काम तिथे डॉक्टर करत नाहीत. एवढ्याच एका तपासणीचे शिक्षण घेतलेले तंत्रज्ञ वाहून नेता येणारी यंत्रे घेऊन दवाखान्या-दवाखान्यांत फिरतात. म्हणजे छोटे यंत्र आणि मर्यादित प्रशिक्षण यांच्या बळावर हे काम होऊ शकते, याचा पुरावा मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे.

तरीही तो कार्यक्रम उचलून कोकणात आणावा असे मी म्हणणार नाही. त्या जुन्या चाचणीच्या काळात तिथल्या शंभर पुरुषांत जवळजवळ पाच जणांना ॲन्युरिझम सापडत होता. धूम्रपान घटल्यावर आता तिथेच हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत ते तिथल्या गोऱ्या पुरुषांपेक्षा बरेच कमी आढळले आहे. मधुमेह असलेल्यांत ॲन्युरिझम तुलनेने कमी दिसतो ही गोष्टही अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आली आहे, आणि मधुमेह आपल्याकडे घराघरात आहे. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात कधी ना कधी धूम्रपान केलेल्या पुरुषांची एकदा तपासणी करावी अशी शिफारस आहे. ती इथे लावायची तर आपल्या तंबाखूची तऱ्हा पाहावी लागते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात, पण धूम्रपान करणारे एकूण प्रौढांत अवघे ३.८ टक्के आहेत. बाकीची तंबाखू चघळली जाते, दाढेत धरली जाते, मशेरी म्हणून लावली जाते. ॲन्युरिझमशी घट्ट नाते सिद्ध झाले आहे ते धुराचे.

प्रमाण कमी असले की यंत्राच्या अचूकतेचा अर्थच बदलतो, आणि हे गणित निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावे असे मला कळकळीने वाटते. समजा, आपण १,००० पुरुष तपासले आणि त्यांतल्या १० जणांना खरोखर ॲन्युरिझम आहे. समजा, यंत्र आणि ते धरणारा हात मिळून त्या दहांतले ९ ओळखतात आणि निरोगी माणसांत शंभरात फक्त ३ वेळा चुकतात. ऐकायला ही कामगिरी उत्तम वाटते. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांत ती ३ टक्के चूक म्हणजे जवळजवळ ३० माणसे झाली. एकूण ३९ जणांना आपण ‘तुमच्या पोटातली मोठी शीर फुगली आहे’ असे सांगितले, त्यांतल्या ३० जणांना विनाकारण. आचरे किंवा विजयदुर्गहून एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जाणे, मुंबईहून मुलाने रजा काढून येणे, सीटी स्कॅनचा खर्च आणि तोवरच्या झोप उडालेल्या रात्री, हे सगळे त्या तीस घरांनी सोसायचे. त्याचा हिशेब यंत्राच्या किमतीत धरला गेला पाहिजे.

म्हणून पारख कशी करावी याबद्दल माझे आग्रह थोडे काटेकोर आहेत. पहिला असा की ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढीच नोंद न करता प्रत्येक माणसाची धमनी मिलिमीटरमध्ये मोजावी, निरोगी असली तरी. प्रमाण १ टक्का धरले तर ५० ॲन्युरिझम पाहायला ५,००० पुरुष तपासावे लागतील, आणि एखाद्या तालुक्याला ते वर्षभरात झेपणार नाही. पण व्यास मोजला तर प्रत्येक माणूस कामाची माहिती देतो. एकाच माणसाची धमनी आधी वैद्यकीय अधिकाऱ्याने छोट्या यंत्रावर मोजावी आणि मग रेडिओलॉजिस्टने मोठ्या यंत्रावर, पहिला आकडा न पाहता. मग दोन आकड्यांतला फरक काढावा. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली दाखवून दिले की दोन मापनपद्धतींचा सहसंबंध (एकीचा आकडा वाढला की दुसरीचाही वाढणे) उत्तम असूनही एक पद्धत दर वेळी ५ मिलिमीटर कमी दाखवत असू शकते. म्हणून सहसंबंध न पाहता फरकांचा आवाका पाहायचा. आपल्याकडे यंत्राच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी ‘दोन्ही चित्रे सारखीच दिसतात’ यावर माना डोलावल्या जातात, तेव्हा मला हे नेहमी आठवते. ३ सेंटीमीटर (ॲन्युरिझम ठरण्याची) आणि ५.५ सेंटीमीटर (शस्त्रक्रियेचा विचार करण्याची) या दोन रेषांवर माणसाचे पुढचे आयुष्य ठरते, तिथे ५ मिलिमीटर म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

दुसरा आग्रह असा की ज्यांची धमनी दिसलीच नाही त्यांना हिशेबातून वगळू नये. पोट सुटलेले असते, वायू असतो. तपासणी उपाशीपोटी ठेवली तरी पहाटेच्या एसटीने आलेला माणूस स्टँडवर चहा-पाव खाऊन आलेला असतो, आणि त्याला त्यासाठी परत पाठवणे माणुसकीला धरून होत नाही. अशी माणसे बाजूला ठेवून काढलेली टक्केवारी यंत्राची स्तुती करते, खरी स्थिती सांगत नाही. पारख एप्रिलच्या उकाड्यात आणि जुलैच्या ओलीतही झाली पाहिजे, कारण ही छोटी यंत्रे वापरताना तापतात आणि मर्यादेपलीकडे गेली की स्वतःहून बंद होतात, आणि पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. काही यंत्रांना दरवर्षी वर्गणी भरावी लागते. ती कोणत्या निधीतून भरायची हे आधी ठरले नाही तर दुसऱ्या वर्षी यंत्र कपाटात जाते.

आता कायद्याचा प्रश्न. पोटात पाहणारा प्रोब गर्भाशयातही पाहतो. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण दर हजार मुलग्यांमागे ८९४ इतके खाली होते. २०१२ च्या दुरुस्तीने फिरत्या यंत्रांना दोनच परिस्थितींत मुभा ठेवली: नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात दाखल रुग्णांसाठी, आणि इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. म्हातारा पुरुष आणि त्याची महाधमनी यांचा गर्भलिंगाशी काय संबंध, म्हणून हा नियम सैल करा, असे माझे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. हा नियम ज्या अनुभवातून आला तो अनुभव जुना झालेला नाही. ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांसाठी नोंदणीकृत यंत्र आणि गावांसाठी फिरते पथक, या चौकटीत राहूनही पुष्कळ काम होण्याजोगे आहे. त्या चौकटीतच पारख झाली, प्रत्येक तपासणीचे चित्र वेळेसह जपले गेले आणि त्याची नोंद कोणालाही पाहता आली, तर पुढे आरोग्यसेविकेला किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला पुरुषांपुरती परवानगी मिळावी का, ही चर्चा विश्वासाने करता येईल. आज ती घाईने केली तर संशयच वाढेल.

सापडल्यानंतर काय, हा प्रश्न मला सर्वांत जड वाटतो. ५.५ सेंटीमीटरच्या आतल्या फुगवट्यावर लगेच शस्त्रक्रिया करून आयुष्य वाढत नाही, हे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे. अशा माणसावर लक्ष ठेवायचे असते: ४.५ सेंटीमीटरच्या आत असेल तर वर्षातून एकदा, त्याहून मोठा झाला की दर तीन महिन्यांनी. त्यासाठी नोंदवही लागते, तारीख आठवून घरी जाणारी आशाताई लागते, बिडी सोडवण्यासाठी पुन्हा पुन्हा बोलणारा कोणी लागतो. ५.५ च्या पुढे गेलेल्याला रक्तवाहिन्यांचा शल्यविशारद लागतो, आणि त्यासाठी आमची माणसे गोव्यातले बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय, कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. फुटू लागलेल्या ॲन्युरिझमच्या वेळी हेच अंतर तासांमध्ये मोजले जाते. पावसाळ्यात करूळ किंवा आंबोलीच्या घाटात दरड आली तर कोल्हापूर आणि बेळगावची वाट अडते. अशा रात्री ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरने पाच मिनिटांत पोटात पाहून ‘हा मुतखडा नाही’ एवढे ठरवले, सलाइन भराभर चढवून रक्तदाब वाढवण्याचा मोह टाळला, आणि १०८ च्या गाडीला थेट बांबोळीकडे पाठवून तिथे आधी फोन केला, तर ते यंत्र विकत घेतल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन. म्हणून पारखीत सापडलेल्या फुगवट्यांबरोबर हेही मोजावे: कळ घेऊन आलेल्या साठीपुढच्या किती माणसांच्या पोटात प्रोब टेकला, किती मिनिटांत टेकला, आणि गाडी कोणत्या दिशेला गेली.

काही जण विचारतील की लेप्टो, सर्पदंश आणि दोडामार्गकडचा माकडताप असताना या तुलनेने विरळ आजारासाठी एवढा खटाटोप कशाला. प्रश्न रास्त आहे. पण हे यंत्र कोणी केवळ महाधमनीसाठी घेणार नाही. तेच छातीतले पाणी पाहील, तुंबलेले मूत्राशय पाहील, सुजलेले मूत्रपिंड पाहील. त्यांतल्या पुष्कळ तपासण्यांचे उत्तर ‘थोडे आहे’, ‘बरेच आहे’ असे सैल असते. महाधमनीचे उत्तर आकड्यात येते आणि तो आकडा दुसऱ्याने ताडून पाहता येतो. यंत्र आणि ते धरणारा हात दोन्ही किती विश्वासाचे आहेत हे ठरवायला याहून चोख तपासणी मला माहीत नाही.

सुरुवात कुठून करावी हेही सांगतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबई सोडून गावी परतलेले पुष्कळ कामगार सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतल्या वाड्यांमध्ये आहेत. त्यांतले तेव्हाचे पंचविशीतले तरुणही आता पासष्टीच्या पुढे गेले आहेत. गिरणीच्या खात्यात, चाळीत, गावच्या खोलीत बिडी-सिगारेट ओढत ज्यांची उमेदीची वर्षे गेली असे त्यांच्यात अनेक आहेत. खलाशी आणि ट्रकचालक हा दुसरा गट. एका तालुक्यातल्या अशा पुरुषांपासून, एका ग्रामीण रुग्णालयात आणि एका फिरत्या पथकासह, दोन वर्षांसाठी ही पारख बांधता येईल. जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसरे माप घेणारा रेडिओलॉजिस्ट आणि हिशेब ठेवणारे विद्यार्थी तिथून मिळू शकतात. गौरी-गणपतीला चाकरमानी घरी असतात, तेव्हा सापडलेल्या माणसाच्या मुलांशी समोरासमोर बोलता येते, म्हणून बोलावण्याच्या तारखा भाद्रपदाच्या आगेमागे ठेवाव्यात.

माझ्याकडे सध्या असे एक आजोबा येतात. ‘डॉक्टरानू, माका पोटात काळीज धडधडल्यासारख्या वाटता,’ असे त्यांनी पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी हात ठेवला आणि मलाही ते लागले. मग जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी झाली. पहिले माप ४.३ होते, यंदाचे ४.६. बिडी त्यांनी सोडली आहे. ४.६ म्हणजे आता दर तीन महिन्यांनी मोजायला हवे. पण दोन एसटी बदलून, अख्खा दिवस मोडून, सुनेला सोबत घेऊन त्यांना ते जमत नाही, आणि मागच्या दोन तारखा चुकल्या आहेत. त्यांच्या घरापासून ग्रामीण रुग्णालय चार किलोमीटरवर आहे.